स्क्रिप्ट तीच, नोड तेच, तरी निकाल रोज वेगळा: वायरलेस टेस्टबेडचं हे दुखणं कसं शोधायचं

वायरलेस टेस्टबेड म्हणजे प्रयोगासाठी उभारलेलं वायरलेस नेटवर्क; त्यातला प्रत्येक संगणक म्हणजे नोड आणि प्रयोगाची एक फेरी म्हणजे रन. त्याच्या दुखण्याची लक्षणं बहुतेकांच्या ओळखीची असतील. कॉन्फिगरेशन फाइलमध्ये एक अक्षरही बदललेलं नसतं, तरी रात्रभर लावून ठेवलेल्या रनपैकी काहींत थ्रूपुट (सेकंदाला पोचणारा डेटा) निम्म्यावर येतं, काहींत क्लायंट ॲक्सेस पॉइंटला जोडलाच जात नाही. एज सर्व्हरला (वापरकर्त्याजवळ ठेवलेल्या सर्व्हरला) पाठवलेल्या विनंतीचं उत्तर कधी ८ मिलिसेकंदांत येतं, कधी ८०. सकाळी तोच प्रयोग हाताने चालवला की सगळं सुरळीत, आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच.

अशा वेळी 'वायरलेस आहे, थोडंफार इकडेतिकडे होणारच' असं म्हणून पुढे जायचा मोह होतो. हवेतला रेडिओ-गोंधळ खरा आहेच, पण या तक्रारींच्या मुळाशी बहुतेकदा हवा नसते. आपलं ऑटोमेशन कमांड यशस्वी झाली का एवढंच विचारतं. टेस्टबेड आत्ता नक्की कोणत्या अवस्थेत आहे हे विचारत नाही. या दोन प्रश्नांमधल्या फटीत हे सगळे बिघाड राहतात.

आधी रिट्राय बंद करा

क्लायंट जोडला नाही तर पुन्हा प्रयत्न, रन फसला तर पुन्हा रन, असं लूप बहुतेक टेस्टबेडच्या स्क्रिप्टमध्ये असतं. शोध पूर्ण होईपर्यंत ते काढून टाका. एक तर ते मूळ कारण झाकतं. त्याहून गंभीर म्हणजे ते निकाल एका बाजूला झुकवतं. वाईट परिस्थितीत रन फसतो, आपण तो फेकतो, मग परिस्थिती सुधारल्यावर आलेला आकडा आलेखात जातो. असा आलेख वाचणाऱ्याला सिस्टीम आहे त्यापेक्षा चांगली दिसते, आणि हे त्याला कळायला काही मार्ग नसतो. संशोधनासाठी चालवलेल्या टेस्टबेडवर हे चालवून घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

रिट्राय काढल्यावर फसलेले रन जास्त दिसू लागतील. ते दिसायलाच हवेत.

मग निकालांचा आकार बघा

सरासरी काढू नका. प्रत्येक रनचा आकडा वेळेच्या क्रमाने मांडा आणि ठिपके कसे पडतात ते बघा. आकारावरून कारणाचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो.

ठिपक्यांचे दोन स्वच्छ गट पडले आणि मधे काहीच नसेल, तर ती हवा नव्हे. टेस्टबेड दोन वेगळ्या अवस्थांपैकी एकीत सुरू होतोय. पहिलाच रन वेगळा आणि पुढचे एकसारखे असतील तर कुठेतरी कॅश (आधीचं साठवून ठेवलेलं काही) आहे. आकडे हळूहळू घसरत असतील तर तापमान किंवा भरत चाललेली डिस्क बघा. बराच वेळ काहीच चालत नाही आणि मग आपोआप चालू होतं, असं असेल तर रडार. एकदिशा विलंब उणे आला तर घड्याळ. ठिपके खरोखरच सगळीकडे विखुरले असतील, तेव्हाच हवेला दोष द्या.

दोन गट: चॅनेलची रुंदी आणि पॉवर सेव्ह

यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

समजा, २.४ गीगाहर्ट्झवर ४० मेगाहर्ट्झ रुंदीचा ॲक्सेस पॉइंट मागितला आहे. सुरू होण्याआधी होस्टएपीडी (ॲक्सेस पॉइंट चालवणारा प्रोग्राम) आजूबाजूची नेटवर्क स्कॅन करतं. त्यांचे चॅनेल आपल्यावर चढत असतील तर नियमानुसार ते निमूटपणे २० मेगाहर्ट्झवर येतं. सर्व्हिस सुरू होते, एक्झिट कोड शून्य, क्लायंट जोडले जातात. फक्त दोन स्ट्रीमच्या (एकाच वेळी दोन डेटाप्रवाह) ८०२.११एन वाय-फाय लिंकचा कमाल दर ३०० मेगाबिटवरून १४४.४ मेगाबिटवर आलेला असतो. शेजारचं एखादं नेटवर्क त्या क्षणी स्कॅनमध्ये सापडलं की नाही, यावर अख्खा रन ठरतो. लॉगमध्ये याची ओळ असते. पण सर्व्हिस नीट सुरू झालेली असताना लॉग उघडून बघतो कोण?

५ गीगाहर्ट्झवर याचंच दुसरं रूप भेटतं. शेजाऱ्याशी जुळवून घेण्यासाठी होस्टएपीडी ४० मेगाहर्ट्झमधल्या २०-२० च्या दोन भागांची, म्हणजे प्रायमरी आणि सेकंडरी चॅनेलची, अदलाबदल करतं. फाइलमध्ये ३६ लिहिलेलं, प्रत्यक्षात प्रायमरी ४०. क्लायंटला फरक पडत नाही, पण ३६ वर २० मेगाहर्ट्झने कान लावून बसलेल्या मॉनिटर नोडला एकही बीकन (ॲक्सेस पॉइंट ठरावीक वेळाने पाठवतो तो संदेश) ऐकू येत नाही आणि रिकामी कॅप्चर फाइल मिळते. मग ड्रायव्हरला शिव्या बसतात.

इलाज सोपा आहे. रन सुरू करण्याआधी चॅनेल आणि रुंदी कॉन्फिगरेशन फाइलमधून वाचू नका, कर्नलला विचारा. आयडब्ल्यू टूल इंटरफेसची माहिती देताना चॅनेल, रुंदी आणि मध्य फ्रिक्वेन्सी सांगतं. अपेक्षेशी जुळलं नाही तर रन सुरूच करायचा नाही, आणि का केला नाही ते लिहून ठेवायचं. तपासणी बायपास करणारे पॅच मिळतात. ते लावू नका, आजूबाजूच्या नेटवर्कना त्रास होतो. चॅनेल बदला किंवा २० मेगाहर्ट्झवरच प्रयोग आखा.

दुसरं कारण पॉवर सेव्ह. लॅपटॉप किंवा छोट्या बोर्डांवरच्या बऱ्याच वाय-फाय ड्रायव्हरमध्ये ते आपोआप चालू असतं. क्लायंट झोपतो, ॲक्सेस पॉइंट त्याची पॅकेट्स धरून ठेवतो आणि पुढच्या बीकनला कळवतो. बीकन साधारण १०२.४ मिलिसेकंदांनी येतो. म्हणून सेकंदाला एक विनंती पाठवणाऱ्या प्रयोगात लेटन्सी (उत्तर यायला लागणारा वेळ) मोठी दिसते आणि तोच नोड सतत भाराखाली असला की कमी दिसते, कारण त्याला झोपायला वेळच मिळत नाही. एज ऑफलोडिंगच्या (काम एज सर्व्हरकडे सोपवण्याच्या) प्रयोगात 'भार वाढला तसा प्रतिसाद सुधारला' असा विचित्र आलेख आला, तर शेड्यूलरचा अभ्यास करण्याआधी पॉवर सेव्ह तपासा. ते बूटच्या वेळी एकदा बंद करून भागत नाही. नेटवर्क मॅनेजर पुन्हा जोडणी करताना स्वतःचं सेटिंग लावू शकतो. असोसिएशन (ॲक्सेस पॉइंटशी जोडणी) झाल्यानंतर तपासा. त्याहून चांगलं म्हणजे प्रयोगाचे इंटरफेस नेटवर्क मॅनेजरच्या ताब्यातून कायमचे काढून घ्या.

वाय-फायवरून गेलं म्हणता, ते खरंच वाय-फायवरून गेलं का?

टेस्टबेडच्या प्रत्येक नोडला निदान दोन वाटा असतात: नियंत्रणासाठी वायर आणि प्रयोगासाठी वायरलेस. लिनक्स मुळात आयपी पत्ता इंटरफेसचा नव्हे तर यंत्राचा मानतं. एका इंटरफेसच्या पत्त्यासाठी आलेल्या एआरपीला ('हा आयपी पत्ता कोणाचा?' या विचारणेला) ते दुसऱ्या इंटरफेसवरूनही उत्तर देतं. दोन्ही जाळी एकाच स्विचवर कुठेतरी मिळत असतील, किंवा असोसिएशन तुटल्यावर रूट नाहीसा होऊन डीफॉल्ट रूट (दुसरी वाट नसेल तेव्हा वापरायची वाट) पुढे आला, तर ट्रॅफिक बिनबोभाट वायरवरून जातं. पिंग यशस्वी, आयपर्फ (वेग मोजणारं टूल) यशस्वी. ओळखीची खूण एकच: वाय-फायच्या निकालात ९४१ मेगाबिटच्या आसपासचा स्थिर आकडा. गीगाबिट इथरनेटवर टीसीपीला मिळणारा तो दर आहे.

उलटाही प्रकार घडतो. डीएचक्लायंटने (आयपी पत्ता मिळवणाऱ्या प्रोग्रामने) वायरलेस इंटरफेसवर मेट्रिक (प्राधान्यक्रमाचा आकडा) नसलेला डीफॉल्ट रूट टाकला की तो वायरच्या रूटला मागे सारतो. एसएसएच (नोडवरचं दुरून लॉगिन) मात्र चालू राहतं, कारण ते त्याच सबनेटमधलं. त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. पण पॅकेज, कंटेनर इमेज (ॲप्लिकेशनचा तयार गठ्ठा), लॉग हे सगळं ज्या लिंकचं मोजमाप चालू आहे तिच्यावरूनच वाहू लागतं.

याची तपासणी बाइट काउंटरने करा. रनच्या आधी आणि नंतर दोन्ही इंटरफेसचे काउंटर टिपा. आयपर्फने ५०० मेगाबाइट पाठवले असं म्हटलं, तर वायरलेसचा काउंटर तेवढा, थोडा जास्तच, वाढलेला हवा आणि वायरचा जवळपास जागेवर. एवढी स्वस्त आणि एवढी खात्रीची तपासणी दुसरी माझ्या माहितीत नाही. शिवाय प्रयोगाचा इंटरफेस वेगळ्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये टाकला तर हा प्रश्नच मुळातून मिटतो. तिथे वायरची वाट दिसतच नाही.

पहिला रन वेगळा: डिस्कपासून लेटन्सीपर्यंतची साखळी

एज क्लस्टरवर दिसणारा हा बिघाड शोधायला चिवट आहे, म्हणून साखळी पूर्ण सांगतो.

प्रत्येक रनची पॅकेट कॅप्चर नोडच्याच डिस्कवर पडते. रन वाढत जातात. कंटेनर इमेज त्याच पार्टिशनवर असतात. वापर ८५ टक्क्यांच्या वर गेला की क्यूबलेट (कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीस प्रणालीचा नोडवरचा प्रोग्राम) वापरात नसलेल्या इमेज काढायला लागतं आणि ८० टक्क्यांपर्यंत खाली आणायचा प्रयत्न करतं. दोन रनच्या मधल्या वेळात प्रयोगाचा कंटेनर चालू नसतो, म्हणजे त्याची इमेजही 'वापरात नसलेली'. ती जाते. पुढच्या रनला पॉड (कंटेनर ज्यात चालतो ते एकक) सुरू होताना इमेज पुन्हा ओढली जाते. वर सांगितलेला डीफॉल्ट रूटचा घोळ असेल तर ती वायरलेसवरूनच येते. पहिल्या काही विनंत्यांचा वेळ गगनाला भिडतो, बाकीच्या ठीक. आलेखात दिसतं ते एवढंच की एज ॲप्लिकेशनची लेटन्सी अधूनमधून बिघडते.

कॅप्चर वेगळ्या पार्टिशनवर टाका आणि रन संपताच नोडवरून हलवा. पेलोडची गरज नसेल तर हेडरपुरतेच बाइट पकडा. इमेज टॅगने (बदलू शकणाऱ्या नावाने) नव्हे, डायजेस्टने (मजकुरावरून काढलेल्या ठशाने) पिन करा आणि रनच्या आधी ती नोडवर खरोखर आहे का ते तपासा. टॅग 'लेटेस्ट' असेल तर कुबरनेटीस मुळात प्रत्येक वेळी रजिस्ट्रीला (इमेजच्या साठ्याला) विचारायला जातं, हे विसरायला होतं.

याच भागात आणखी एक गोष्ट. क्यूबलेटची हजेरी प्रयोगाच्याच वायरलेस लिंकवरून जात असेल तर तुमचाच ट्रॅफिक ती अडवतो आणि नोड 'नॉट रेडी' होतो. त्यानंतर पॉड हलवायच्या आधी क्लस्टर साधारणपणे ३०० सेकंद थांबतं. बिघाड दिसतो पाच मिनिटांनी, कारण असतं पाच मिनिटांपूर्वीचं. लॉग वाचताना तेवढं मागे जा. फेलओव्हर हाच अभ्यासाचा विषय असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर कंट्रोल प्लेन (क्लस्टर सांभाळणारं ट्रॅफिक) वायरवरच ठेवा.

कॅशचं दुसरं ठिकाण खुद्द कर्नल. लिनक्स प्रत्येक पत्त्यासाठी आधीच्या टीसीपी कनेक्शनवरून शिकलेल्या गोष्टी, उदाहरणार्थ आरटीटी (पॅकेट जाऊन उत्तर येण्याचा वेळ), साठवून ठेवतं आणि नव्या कनेक्शनला देतं. जुन्या कर्नलमध्ये स्लो-स्टार्टची (सुरुवातीला वेग झपाट्याने वाढवण्याची) मर्यादाही त्यात असते, आणि ड्रायव्हरच्या हट्टापायी टेस्टबेडवर जुने कर्नल बरेच असतात. खराब लिंकचा रन संपवून लगेच चांगल्या लिंकचा रन लावला की मागच्याची सावली पुढच्यावर पडते. प्रत्येक रनआधी टीसीपी मेट्रिक्स फ्लश करा, किंवा साठवणंच बंद करा.

अर्धा तास ठप्प

५ गीगाहर्ट्झमधले ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ हे चॅनेल बऱ्याच देशांत रडारसोबत वाटून घ्यावे लागतात. तिथे ॲक्सेस पॉइंटने आधी ६० सेकंद नुसतं ऐकायचं, मगच बोलायचं. युरोपात हवामान रडारच्या ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झ पट्ट्यात तर हेच ऐकणं १० मिनिटांचं आहे. रडार सापडलं, किंवा सापडल्यासारखं वाटलं, तर चॅनेल सोडायचा आणि ३० मिनिटं तिकडे फिरकायचं नाही.

स्क्रिप्टमध्ये 'ॲक्सेस पॉइंट सुरू करा, ६० सेकंद थांबा, क्लायंट जोडा' असं असेल तर तो रन नशिबावर आहे. स्लीप वाढवत नेणं हा उपाय नाही. होस्टएपीडी 'एपी एनेबल्ड' ही घटना स्वतः कळवतं. तिची वाट बघा, वरची मर्यादा लावा, आणि रडारची घटना आली तर रन 'रडार' या कारणाने बाद नोंदवा. प्रयोगाला या चॅनेलची गरजच नसेल तर ३६ ते ४८ मध्ये राहा.

बूटनंतर रेग्युलेटरी डोमेन (कोणत्या देशाचे रेडिओ नियम लागू, ते सेटिंग) '००' वर राहिलं असेल तरी ५ गीगाहर्ट्झचा ॲक्सेस पॉइंट उभा राहत नाही. ही तपासणी एका ओळीची आहे, यादीत टाकून द्या.

घड्याळ, आणि 'एकदम सुरू करा' म्हणजे नक्की काय

अँसिबल (अनेक नोडवर कमांड चालवणारं टूल) मुळात एका वेळी ५ नोडवरच काम करतं. वीस नोडवर ट्रॅफिक सुरू करायला सांगितलं तर ते पाचपाचच्या चार तुकड्यांत सुरू होतं. शेवटची तुकडी येईपर्यंत पहिलीला मोकळं मैदान मिळालेलं असतं, आणि गर्दीच्या प्रयोगात हाच फरक 'काही नोडना जास्त वाटा मिळतो' असा दिसतो. फोर्क (एका वेळी हाताळायच्या नोडची संख्या) वाढवून तो कमी होतो, जात नाही. प्रत्येक नोडला आधीच एक ठरलेली वेळ द्या, त्याने आपल्या घड्याळाप्रमाणे त्या वेळी सुरू करावं, आणि मोजमापातून सुरुवातीचे व शेवटचे काही सेकंद वगळावेत.

त्यासाठी घड्याळं जुळलेली हवीत. वायरवरच्या स्थानिक सर्व्हरशी क्रोनीने जुळवलं तर चूक मिलिसेकंदाच्या आत राहते. एकदिशा विलंब मोजायचा असेल तर हार्डवेअर टाइमस्टँपसह पीटीपी (घड्याळं अधिक काटेकोर जुळवणारी पद्धत) लावा. घड्याळ वायरलेसवरून जुळवू नका, भाराखाली जाणं-येणं असमान होतं आणि तीच चूक घड्याळात उतरते. रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डाच्या चौथ्या पिढीपर्यंत बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. वीज तोडून पुन्हा दिली की तो भूतकाळात जागा होतो, आणि सर्व्हरचं प्रमाणपत्र 'अजून वैध नाही' म्हणून इमेज ओढणं फसतं. पॉवर-सायकलनंतरच येणारी टीएलएसची (सुरक्षित जोडणीची) चूक बहुधा हीच. क्रोनीचा ऑफसेट मर्यादेत आल्याशिवाय पुढची पायरी चालू होऊ देऊ नका.

हळूहळू घसरण

रास्पबेरी पाय बोर्डवर ८० अंश सेल्सिअसच्या पुढे सीपीयूचा वेग कमी केला जातो. ३बी+ मॉडेलवर तर ६० अंशांनाच थोडा आवरला जातो. व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेल्याचीही नोंद बोर्ड ठेवतो. थ्रॉटलिंगची स्थिती विचारली आणि उत्तर ०एक्स५०००० आलं, तर याचा अर्थ आत्ता सगळं ठीक आहे, पण बूटपासून कधीतरी वीज कमी पडली आणि वेगही कमी झाला. म्हणून हे रनआधी आणि रननंतर दोन्हीदा विचारा.

आणि प्रयोगांचा क्रम मिसळा. पद्धत 'अ' चे सगळे रन आधी आणि 'ब' चे नंतर असं लावलं तर तापलेल्या बोर्डाचा दोष 'ब' च्या माथी बसतो. अ, ब, ब, अ असं आलटून-पालटून किंवा यादृच्छिक क्रमाने लावा. याला काही खर्च नाही.

उरलेली भुतं

मागच्या रनचा आयपर्फ सर्व्हर अजून चालू असतो आणि 'सर्व्हर बिझी' असं उत्तर देतो, कारण आयपर्फ३ चा एक सर्व्हर एका वेळी एकच चाचणी घेतो. तो एकदाच चालून बंद होणाऱ्या पर्यायाने सुरू करा. नेटएमचा (लिनक्समध्ये कृत्रिम विलंब लावणाऱ्या टूलचा) जुना नियम राहिला तर नवा टाकताना 'फाइल एक्झिस्ट्स' येतं आणि स्क्रिप्ट ते गिळून पुढे जाते. 'ॲड' ऐवजी 'रिप्लेस' वापरा. नेटएमची रांग मुळात १००० पॅकेटची असते, त्यामुळे १०० मिलिसेकंद विलंब लावला की १५०० बाइटच्या पॅकेटनी १२० मेगाबिटच्या पुढे जाताच येत नाही. हा बॉटलनेक आपणच बांधलेला असतो.

वायरलेस कार्डांची नावं बूटगणिक अदलाबदल होतात, ती मॅक पत्त्याशी बांधून टाका. यूएसबी डाँगल अडकलं तर नुसतं रीबूट पुरत नाही, कारण बऱ्याच बोर्डांवर यूएसबी पोर्टची वीज रीबूटमध्ये जात नाही. पोर्टची किंवा नोडची वीज खरोखर तोडावी लागते. एसडीआर (सॉफ्टवेअरने चालणारा रेडिओ) वापरत असाल तर त्याचा ड्रायव्हर यूएचडी कन्सोलवर सोडत असलेली 'ओ' (ओव्हरफ्लो), 'यू' (अंडरफ्लो), 'एल' (लेट) ही अक्षरं मोजा. ओव्हरफ्लो झालेल्या रनमध्ये सॅम्पल गळलेली असतात, मग तो निकाल रेडिओचा नसून होस्ट संगणकाचा असतो.

स्वच्छ सुरुवात किती खोल हवी?

रटगर्स विद्यापीठातल्या ४०० नोडच्या ऑर्बिट ग्रिडवर किंवा फ्रान्समधल्या इन्रियाच्या आरटूलॅबमध्ये प्रयोगाआधी नोडवर अख्खी डिस्क इमेज चढवण्याची पद्धत आहे. वर लिहिलेल्यातलं निम्मं त्यानेच साफ होतं. पण प्रत्येक रनला तेवढी मिनिटं परवडत नाहीत. मी तीन थर सुचवेन: नव्या प्रयोगमालिकेआधी पूर्ण इमेज, मालिकेतल्या प्रत्येक संचाआधी वीज तोडून बूट, आणि प्रत्येक रनआधी हलकी सफाई व अवस्थेची तपासणी. डीफॉल्ट रूट, नेटएम, कॅश, जुन्या प्रक्रिया आणि बाइट काउंटर हे सगळं त्या तिसऱ्या थरात येतं.

बाद करण्याचे नियम डेटा बघण्याआधी लिहा आणि ते फक्त अवस्थेवर बेतलेले ठेवा: रुंदी चुकीची होती, रडार आलं, घड्याळ सुटलं. 'आकडा फार कमी आला' हे बाद करण्याचं कारण होऊ शकत नाही. किती रन कशामुळे बाद झाले हे निकालांसोबत द्या. चॅनेल किती टक्के वेळ व्यस्त होता हेही आयडब्ल्यूच्या सर्व्हेमधून आधी-नंतर टिपून ठेवा. हवेला दोष द्यायची वेळ आली तर पुरावा हाताशी असेल.

तरीही एक नोड सुधरत नसेल

त्याची आणि शेजारच्या नोडची जागा आपसात बदला. केबल आणि वीजपुरवठा मात्र जिथले तिथे ठेवा. बिघाड जागेवरच राहिला तर ती केबल, तो पुरवठा किंवा तिथली हवा बघा. नोडसोबत गेला तर अँटेनापासून सुरुवात करा. आयडब्ल्यूच्या स्टेशन माहितीत सिग्नल अँटेनागणिक वेगळा दिसतो. एकूण आकडा उणे ४८, आणि कंसात उणे ४९ व उणे ७५, असं दिसलं तर दुसरी अँटेना नावापुरतीच लागलेली आहे. लिंक चालते, पण दोन स्ट्रीमचे दर टिकत नाहीत. कार्डावरचे ते चिमुकले यू.एफएल कनेक्टर साधारण ३० वेळा काढघाल करण्याइतकेच बनवलेले असतात, आणि टेस्टबेडवर कार्ड हलवण्यात ती मर्यादा लवकर संपते. पिगटेल (कार्डापासून अँटेनापर्यंतची छोटी केबल) बदला, दोन्ही अँटेनांचे आकडे पाचेक डेसिबलच्या आत आले का बघा, आणि मगच तो नोड पुन्हा रांगेत घ्या.